खुंटा, दावं आणि मोकळं तोंड

परीक्षानळीच्या मागच्या बाजूला पेनानं एक फुली काढायची. नळीत पातळ दूध घ्यायचं. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं असलं तर उत्तम. समोरून फुली दिसत नाही याची खात्री करायची. मग त्यात थोडं काळपट तपकिरी, गढूळ पाणी सोडायचं, नळी कोमट पाण्यात धरून हलवत राहायचं. मधूनमधून नळीच्या कडेला लोहचुंबक लावून पाहायचं. दुधाचा पांढरा रंग आधी विटतो, मग त्यात निळसर झाक येते, मग ते ताकाच्या निवळीसारखं दिसू लागतं, आणि थोड्या वेळानं पलीकडची फुली अंधूक दिसायला लागते. फुली स्वच्छ दिसली की घड्याळ थांबवायचं.

इथवर नवल काही नाही. त्या गढूळ पाण्यात ट्रिप्सिन आहे, आणि ट्रिप्सिन हे आपल्या स्वादुपिंडातून लहान आतड्यात उतरणारं पाचक विकर. प्रथिनाचे तुकडे पाडणं हा त्याचा धर्मच आहे, दुधातलं केसिन त्यानं चिरलं तर काय मोठंसं. मजा पुढे आहे. चुंबक नळीला नीट टेकवून ठेवला की गढूळपणा एका बाजूला सरकतो, काचेला आतून काजळाच्या बोटासारखी काळी रेघ उमटते आणि बाकीचं पाणी निवळ होतं. ते ओतून द्यायचं. नळीत नवं दूध घालायचं, चुंबक काढायचा, हलवायचं. मघाचंच ट्रिप्सिन पुन्हा कामाला लागतं.

पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना हा प्रयोग किती वेळा केला याचा हिशेब नाही. तरी चुंबक लावायची वेळ आली की माझा हात आपोआप सावकाश होतो. मुलं घड्याळाकडे बघत असतात, मी त्या काळ्या रेघेकडे. विज्ञानातली काही कामं नुसती उपयोगी असतात, काही रचलेली असतात. त्या काळ्या रेघेतली पूड, जिच्यावर ट्रिप्सिन बांधलेलं आहे, ती रचलेली आहे. कवितेचं रसग्रहण करताना आपण विचारतो, हा शब्द इथेच का, दुसरा का नाही. तेच प्रश्न या पुडीला विचारून पाहावेत असं कितीतरी दिवस मनात होतं.

आधी पूड कशासाठी, तेवढं सांगून टाकतो. एन्झाइम, म्हणजेच विकर, काम करून संपत नाही. एक रेणू एक तुकडा पाडतो, सुटतो, दुसऱ्याकडे वळतो. पण ते द्रवात विरघळलेलं असल्यामुळे काम झाल्यावर हाती लागत नाही. मालाबरोबर वाहून जातं, किंवा उष्णता देऊन, आम्ल घालून मुद्दाम मारावं लागतं. म्हणजे दिवसभर राबलेला आणि उद्याही राबायला तयार असलेला बैल संध्याकाळी विहिरीत ढकलण्यातला प्रकार. शिवाय मालात एन्झाइम उरलं तर तो भेसळीचा दोष. मग त्याला खुंट्याला बांधा.

बांधायच्या तऱ्हा अनेक आहेत. नुसतं चिकटवणं ही सर्वांत सोपी, पण ते सुटून जातं. कोंडवाड्यात कोंडणं ही दुसरी. मिलानच्या दुग्धकेंद्रात १९७०च्या दशकात दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज सेल्युलोज ट्रायॲसिटेटच्या धाग्यांत असंच कोंडलं होतं. साखरेचा रेणू लहान, तो कोंडवाड्याच्या फटीतून सहज आत जातो. केसिनसारखं बोजड प्रथिन मात्र फटीतून शिरत नाही, बाहेरच ताटकळतं. म्हणून ट्रिप्सिनला उघड्यावर, खुंट्याला दाव्यानं बांधलेलं बरं. माझ्या नळीतली पूड या तिसऱ्या घराण्यातली.

तिचा खुंटा लोखंडाचा आहे. नेमकं म्हणायचं तर मॅग्नेटाइटचा. लोहाचे दोन प्रकारचे क्षार, फेरस एक भाग आणि फेरिक दोन भाग, पाण्यात विरघळवायचे आणि अमोनिया ओतायचा. पिवळसर नारिंगी पाणी बघता बघता शाईसारखं काळं होतं. ते काळेपण म्हणजे साधारण दहा नॅनोमीटरचे कण. एवढं बारीक कशाला, याचं उत्तर हिशेबात आहे. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या, त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत जवळजवळ सहा गुंठे. बोटाच्या पेरात मावणाऱ्या वस्तूत सहा गुंठ्यांचं गोठाण, आणि सगळंच्या सगळं उघड्यावर, एकही फट नाही. ट्रिप्सिनचा रेणू चारेक नॅनोमीटरचा, म्हणजे एका कणाभोवती दाटीवाटीनं वीसेक जनावरं उभी राहतील.

पण मला या खुंट्यात बारीकपणाहूनही त्याचं विसराळूपण आवडतं. साधा लोखंडाचा कीस चुंबकाला एकदा लावला की चुंबक काढल्यावरही त्याच्यात थोडं चुंबकत्व उरतं, कण एकमेकांना धरून बसतात, गुठळ्या होतात. मॅग्नेटाइटचा कण इतका लहान झाला की चुंबक समोर असेपर्यंतच तो चुंबक असतो. चुंबक हटला की सगळं विसरतो. म्हणून नळी हलवली की पूड पुन्हा मोकळी होते. हा गुण नसता तर पहिल्या खेपेतच गोळा झाला असता आणि सहा गुंठ्यांपैकी वावभर जमीन हाती राहिली असती.

आता दावं. कणावर आधी अमाइन गट असलेल्या सिलेनचा थर चढवतात आणि मग ग्लुटाराल्डिहाइड आणतात. पाच कार्बनांची छोटी साखळी, दोन्ही टोकांना पकड. इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पेशी जशाच्या तशा ठेवायला हेच रसायन वापरतात, त्यामुळे त्याचा उग्र वास अनेकांच्या ओळखीचा असेल. त्याच्या एका टोकानं कणावरचा अमाइन पकडला, दुसऱ्या टोकानं ट्रिप्सिनवरचा. जाणकार याला गावठी रसायन म्हणून नाक मुरडतात. ते खरंही आहे. ग्लुटाराल्डिहाइड दिसेल त्या अमाइनला धरतं, त्याला डावं-उजवं कळत नाही. गुराला दावं गळ्यात बांधायचं असतं. तेच तोंडावर आवळलं तर त्याचं मुसकं होतं, आणि मुसकं बांधलेला बैल मळणीत धान्य खात नाही, हे शेतकऱ्याला हवं असलं तरी आपल्याला नको आहे. आपल्याला जनावर बांधलेलं हवं आणि तोंड मोकळं.

यावर जुन्या लोकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. बांधायच्या आधीच ट्रिप्सिनच्या तोंडात काहीतरी देऊन ठेवायचं. बेन्झामिडीन नावाचा छोटा रेणू ट्रिप्सिनच्या खाचेत चपखल बसतो. तो त्याचा रोधक आहे, म्हणजे खरं तर शत्रू. बांधणीच्या वेळी तो खाच अडवून बसतो, त्यामुळे दावं तिथं अडकत नाही. बांधून झालं की पाण्यानं धुवून टाकायचा. शत्रूला तेवढ्यापुरतं राखणीला बसवायचं आणि काम झाल्यावर निरोप द्यायचा, ही राजकारणातली चाल रसायनशास्त्रात इतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

आणि आता या पुडीतली माझ्या मते सर्वांत सुंदर जागा. मोकळ्या ट्रिप्सिनला एक वाईट खोड आहे: ते स्वतःलाच खातं. तेही प्रथिनच, आणि शेजारचा ट्रिप्सिनही प्रथिन. म्हणून प्रयोगशाळेत त्याचं द्रावण सौम्य आम्लात ठेवतात, जिथं त्याची धार बोथट असते. ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी कुठंही तोडत नाही. लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच त्याचा घाव पडतो. गाईच्या ट्रिप्सिनमध्ये आर्जिनिन आहेत दोन आणि लायसिन चौदा. आणि ग्लुटाराल्डिहाइड दावं बांधतं ते कशाला? लायसिनच्याच टोकाच्या अमाइनला. म्हणजे ट्रिप्सिन स्वतःला जिथं तोडेल, बरोबर तिथंच आपण गाठ मारतो. गाठ बसलेलं लायसिन ट्रिप्सिनच्या खाचेत मावत नाही, त्याला ते ओळखूच येत नाही. एकाच गाठीत बांधणंही झालं आणि आत्मघाताची जागाही झाकली. शिवाय खुंट्याला बांधलेली जनावरं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, तो फायदा वेगळा. आर्जिनिनच्या दोन जागा उघड्या राहतात, आणि बांधल्यानं आत्मघात संपतो असंही नाही, मंदावतो. पण गावठी म्हणून हिणवलेल्या रसायनाच्या हातून इतकी नेमकी गोष्ट घडते, हा श्लेष कुणी मुद्दाम साधला असता तर त्याला दाद दिली असती. इथं दाद कुणाला द्यायची ते कळत नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष शोधत गेलं तर १९१६ साल लागतं. कोलंबिया विद्यापीठातले नेल्सन आणि ग्रिफिन यांनी यीस्टमधलं इन्व्हर्टेज, उसाची साखर फोडणारं विकर, कोळशाच्या पुडीवर बसवलं आणि पाहिलं तर कोळशाला चिकटलेलं इन्व्हर्टेज मोकळ्याइतकंच काम करत होतं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आलेला तो लेख लहानसा आहे आणि त्यात उद्योगाचं नावही नाही. विकर विरघळलेलं नसतानाही काम करतं का, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांनी उत्तर दिलं आणि विषय सोडला. जगानंही पुढची तीन-चार दशकं सोडला. मी विद्यार्थ्यांना हा लेख मुद्दाम वाचायला द्यायचो, कारण आपल्या हाती काय लागलंय याचा गाजावाजा न करणारं लेखन कसं असतं ते त्यात दिसतं.

योगायोग असा की त्याच १९१६ साली कीव्हमध्ये एफ्राइम काचाल्स्की जन्मले. हे गृहस्थ पुढे इस्राएलचे चौथे राष्ट्राध्यक्ष झाले, पण आमच्यासारख्यांना ते ठाऊक आहेत ते १९६० सालच्या ‘नेचर’मधल्या एका लेखामुळे. बार-एली या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पाण्यात न विरघळणारं ट्रिप्सिन तयार केलं, ते काचेच्या नळकांड्यात भरलं आणि वरून प्रथिनाचं द्रावण सोडलं. खालून तुकडे. माझ्या नळीतल्या पुडीची ही आजी. काचाल्स्की त्या वेळी स्नायूतल्या मायोसिनसारख्या प्रथिनांची रचना उकलत होते. ट्रिप्सिननं नेमके तुकडे पाडायचे आणि ट्रिप्सिन मात्र त्यात मिसळू द्यायचं नाही, ही त्यांची गरज होती. १९८५ साली पहिलंवहिलं जपान पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं, आणि ते जपाननं द्यावं यात औचित्य होतं. कारण १९६९ साली बांधलेल्या एन्झाइमवर पहिला कारखाना चालवला तो ओसाकाच्या तानाबे सेइयाकु कंपनीतल्या चिबाता आणि तोसा यांनी. विकर होतं अमिनोॲसायलेज, माल होता अमिनो आम्लं.

ट्रिप्सिनचं कौतुक ऐकून पेप्सिनला राग येईल. जठरातलं हे विकर नावारूपाला आलं ट्रिप्सिनच्या आधी, १८३६ साली, थिओडोर श्वान यांच्या हातून. पण बांधायला महाकठीण. डुकराच्या पेप्सिनमध्ये सव्वातीनशे अमिनो आम्लं आहेत आणि त्यांत लायसिन फक्त एक! दावं अडकवायला शिंगच नाही म्हणा ना. वर आणखी, ग्लुटाराल्डिहाइडची गाठ नीट बसते ती साधारण उदासीन द्रावणात, आणि पेप्सिनला जगायला आम्ल लागतं. उदासीन पाण्यात ते उलगडतं आणि पुन्हा घडी बसत नाही. म्हणजे दावं चालेल तिथं जनावर मरतं, जनावर जगेल तिथं दावं चालत नाही.

या पेचाचं एक देखणं उत्तर पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत निघालं. मुरली शास्त्री आणि माला राव यांच्या गटांचा पेप्सिन आणि सोन्याच्या कलिलावरचा लेख २००१ साली ‘लँगम्युर’ या नियतकालिकात आला. गाठ मारण्याचा नादच त्यांनी सोडला. पेप्सिनला मानवेल अशा परिस्थितीत सोन्याचे नॅनोकण आणि पेप्सिन एकत्र आणले आणि जोडणी आपली आपण होऊ दिली. सोन्याच्या कलिलाचा रंग माणकासारखा लाल असतो, आणि कण एकमेकांना चिकटू लागले की तो जांभळ्याकडे, निळ्याकडे झुकतो. त्यामुळे बाटलीकडे नुसतं पाहून आत काय चाललंय याचा अंदाज येतो. बांधलेलं पेप्सिन जिवंत राहिलं, काम करत राहिलं.

या कामाचा पुढचा अंक मला पहिल्याहून अधिक आवडतो, कारण त्यात एक कबुली आहे. इतके बारीक सोन्याचे कण द्रवातून परत काढायचे कसे? सोनं चुंबकाला भीक घालत नाही. म्हणून २००३ साली याच प्रयोगशाळेनं पॉलियुरेथेनच्या सूक्ष्म गोळ्यांवर सोन्याच्या कणांचं कवच चढवलं आणि त्यावर पेप्सिन बसवलं. गोळा मोठा, तो हलक्या सेंट्रिफ्यूजनं खाली बसतो. अंगावरचं सोनं मात्र नॅनोच. बारीक व्हायचं ते जिथं पेप्सिनला बसायचं तिथं, जाडजूड राहायचं ते जिथं माणसाला धरायचं तिथं. ‘नॅनो’ हा शब्द मंत्रासारखा जपणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

औषधाच्या बाजूला आलं की हा विचार जास्तच पटतो. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात स्वादुपिंडाच्या नलिका दाट स्रावानं बुजतात, चरबी फोडणारं लायपेज आतड्यात पोचत नाही आणि खाल्लेली चरबी तशीच बाहेर पडते. काही रुग्णांना रात्रभर नळीवाटे पातळ आहार द्यावा लागतो. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१५ साली रेलिझॉर्ब नावाच्या एका छोट्या डबीला परवानगी दिली. डबीत बारीक मण्यांवर लायपेज पक्कं बांधलेलं. आहाराची नळी पंपातून निघते, या डबीतून जाते आणि मग रुग्णाच्या पोटात. चरबी वाटेतच फुटते. लायपेज डबीत राहतं. मणी नॅनो नाहीत, चांगले जाडे आहेत, म्हणूनच जाळीमागे अडतात. शरीराबाहेर, दोन नळ्यांच्या मध्ये, आतड्याचं एक काम मांडून ठेवलेलं आहे. सोव्हिएत काळातल्या ‘दालत्सेक्स-ट्रिप्सिन’ या पट्टीतही अशीच समज होती: सेल्युलोजच्या कापडाला ट्रिप्सिन बांधायचं आणि ते सडक्या जखमेवर ठेवायचं. मेलेला भाग विरघळतो. निरोगी ऊतींजवळ ट्रिप्सिनला अडवणारे स्वतःचे रोधक असतात, तिथं त्याचं चालत नाही. कापड उचललं की उपचार थांबला. नॅनोकणांवर विकर बसवून ते रक्तात सोडायच्या योजना मी वाचत असतो, पण रक्तात गेलेला कण काही मिनिटांतच शरीरातल्या प्रथिनांचं पांघरूण ओढून घेतो आणि मग आपण मोकळं ठेवलेलं तोंड कुठल्या कुठे झाकलं जातं. माझं मत अजून डबी आणि कापडाच्या बाजूनं आहे.

प्रथिनांच्या पृथक्करणात मात्र नॅनोपूड खरोखर राज्य करते. वस्तुमान वर्णपटमापीत प्रथिन घालायच्या आधी त्याचे तुकडे पाडावे लागतात, आणि विरघळलेल्या ट्रिप्सिननं ते काम ३७ अंशांवर रात्रभर चालतं, वर ट्रिप्सिनचे स्वतःचे तुकडे निकालात लुडबुडतात. बांधलेलं ट्रिप्सिन कणाकणावर दाटीनं उभं असतं, स्वतःला फारसं खात नाही, म्हणून त्याची मात्रा बिनधास्त वाढवता येते आणि रात्रीचं काम मिनिटांवर येतं. इथं सहा गुंठे कारणी लागतात.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही, आणि या विषयातले दोष पुडीत कमी, लेखांत जास्त आहेत. ट्रिप्सिनची ताकद मोजायला एक लहानसा कृत्रिम पदार्थ वापरतात, तुटला की पिवळा होतो, यंत्रात आकडा मिळतो. सोयीचं आहे. पण त्या चिमुकल्या रेणूला मुसकं अर्धं बांधलेलं असलं तरी आत शिरता येतं, केसिनला येत नाही. कृत्रिम पदार्थावर नव्वद टक्के उरलेली पूड दुधात घातली की फुली दिसायला तास लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तो ठरलेला स्तंभालेख: पहिली फेरी, दुसरी फेरी, दहाव्या फेरीपर्यंत उतरत जाणारे खांब, खाली ‘पुनर्वापरास योग्य’. पण खांब का उतरले, याचं उत्तर बहुधा नसतं. विकर थकलं, की सुटून दुधात वाहून गेलं? दुसरं खरं असेल तर बांधणीच झालेली नाही, नुसतं चिकटवणं झालं आहे, म्हणजे आपण कोळशाच्याही मागे गेलो.

शोधायला यंत्र लागत नाही. पूड काही वेळ नुसत्या पाण्यात हलवायची, चुंबक लावायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या नळीत घ्यायचं, त्यात दूध घालायचं आणि फुलीसमोर धरून बसायचं. तासाभरानंही फुली दिसली नाही तर पूड अस्सल. पाचक विकर नॅनोकणांवर बांधल्याची पुढची बातमी किंवा लेख हाती पडेल तेव्हा टक्के नंतर बघा. ही दुसरी नळी कुणी धरली होती का, ते आधी शोधा.